धुतलेली सीट

पेडणे तालुक्यातल्या माझ्या पोलिसी नोकरीतलं एक प्रकरण अजून पिच्छा सोडत नाही. त्यात गुन्हेगार कोणी निघाला नाही. चूक निघाली ती माझी.

तुयेच्या कारखान्यांत कामगारांची ने-आण करणारा एक तरुण, कर्जाने घेतलेली गाडी. एका सकाळी घराजवळच्या वळणावर गाडी झाडावर आदळली. लोकांनी त्याला इस्पितळात नेलं आणि रस्ता अडतो म्हणून गाडी ढकलत त्याच्या अंगणात लावली. दुपारी तो गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही पंचनाम्याला गेलो, तर चालकाची सीट धुऊन लख्ख. मी तसं नोंदवलं. विमा कंपनीने त्याच ओळीवर बोट ठेवून दावा अडवला.

पाठोपाठ ठाण्यात निनावी फोन. "गाडी दुसराच चालवत होता, बिगरलायसनवाला." चालक बदलण्याच्या एका प्रकरणात मी आधी फसलो होतो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. अंतिम अहवाल मी रोखून धरला. इकडे गाडीच्या कर्जापायी बँकेने त्या घरच्या काजूच्या बागेवर नोटीस काढली.

मुलाच्या बापाला चार वेळा बोलावलं. सकाळपासून बाकावर बसायचा.

"गाडी मियाच धुतलंय, सायबानू."

"पुरावा नष्ट केलात तुम्ही. कशासाठी धुतली?"

मान खाली. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. माणूस गप्प बसला की आम्ही त्याला चोर समजतो, ही आमची जुनी खोड.

असे सात महिने गेले. मग एकदा पुन्हा चौकशीला त्याच्या घरी गेलो. तो बाजारात गेला होता. दावा मुलाच्या आईच्या नावाने होता. तिने पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "आमच्या झिलाक खूप त्रास झालो काय ओ? ह्ये म्हणतत, रगताचो थेंब येवक नाय."

तांब्या तसाच ठेवून मी उठलो. ठाण्यात येऊन शवविच्छेदनाचा अहवाल काढला. छातीवर स्टिअरिंगचा गोल वळ. म्हणजे गाडी मुलगाच चालवत होता. कागद पहिल्या आठवड्यापासून फाईलमध्ये होता, मी तो नीट वाचलाच नव्हता. लाज वाटली मला.

बापाला बोलावून विचारलं, "तिला दिसू नये म्हणून धुतलीत ना?"

तो पहिल्यांदा रडला. "दावो तिच्या नावार आसा. मी सांगितलंय तर तुमी ता तिका वाचून दाखवतलास."

जबाब लिहिला. मग दावेदार म्हणून तिला बोलावून कागद वाचून दाखवले. सीटच्या चार ओळी मी गाळल्या. नोकरीत असं पहिल्यांदाच केलं.

"सीट धुतल्याचा वाचूक नाय तुमी," ती म्हणाली. मी फाईल मिटली. "त्या दिसा ह्येंचो रगतान माखलेलो शर्ट मियाच धुतलंय, सायबानू. ह्येंका सांगू नकात."

बाहेर बाकावर बाप वाट बघत होता. "तिका वाचून दाखवलास?"

"त्या ओळी सोडून," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

अंतिम अहवाल गेला, दावा मंजूर झाला, बाग वाचली. फोन करणारा स्टँडवरचा एक जळका गाडीवाला निघाला. आधी फाईल वाचावी, मग आवाज चढवावा, एवढं त्यानंतर कायमचं शिकलो. त्या बापाची माफी मागायची मात्र राहून गेली.