सुमनवहिनीची डाळ आणि बोअरचं पाणी

सर्टिफिकेटवर न्यूमोनिया लिहिलंय. मी म्हणतो, माझ्या वहिनीला पाण्यानं मारलं.

आज वर्ष झालं.

सुमनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या दादाची बायको. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी शाळेत होतो, तरी पहिल्या दिवसापासून मला "अहो भाऊजी".
चड्डीतल्या पोराला अहो! गल्लीतल्या पोरांनी चिडवून बेजार केलं मला.

आमचं गाव शिरूर कासारच्या अंगाला. गल्लीत एक जुनी विहीर, तिचं पाणी जड. कितीही जाळ घाला, तुरीची डाळ शिजायची न्हाई. वहिनीनं त्या विहिरीपुढं हात टेकले होते.

मग दादानं बोअर घेतला. लई खोल गेल्यावर पाणी लागलं. नारळ फुटला, आणि वहिनीनं तिथंच अंगणात चूल पेटवली.
नव्या पाण्याची परीक्षा आमच्याकडं अशीच. डाळ शिजली की पाणी चांगलं.

अख्खी गल्ली भोवती उभी.

बघता बघता डाळ मऊ झाली. वहिनी पळी वर धरून ओरडली, "बघा ओ भाऊजी, मेण झालंय मेण!"

त्या दिवसापासून विहीर सुटली. बायका आमच्या दारात, आणि वहिनी एकेकीची घागर स्वतः भरून द्यायची. काय मिरवली होती बाई!

त्याच पाण्यात फ्लोराइड होतं.
ना वास, ना चव. डाळीला काय कळतंय त्यातलं.

पुढं गल्लीतल्या बारक्या लेकरांचे दात पिवळे-तपकिरी दिसायला लागले. आम्ही म्हणायचो, कार्टी दात घासत न्हाईत. वहिनीचे गुडघे धरले. आम्ही म्हणालो, वात असंल.
मग मान धरली.

मागनं हाक मारली की तिला नुसती मान वळवता यायची न्हाई. अख्खी वहिनी वळायची. आधी पाय, मग कंबर, आणि सगळ्यात शेवटी ते हसू.
"थांबा की भाऊजी, गाडी रिव्हर्स घेतीय!"

ते वळणं मला फार आठवतं. दुकानात बसल्या बसल्या आठवतं, आणि समोरचं गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकू येत न्हाई.

मी तोवर शिरूरला मेडिकल टाकलं होतं. तिला बीडला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. एक्स-रे बघून त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "पाणी कुठलं पिता?"

पाणी तपासलं. सरकारी माणसं आली, बोअरच्या पाइपाला लाल रंग मारून गेली. पिऊ नका.

वहिनी भडकली.
"लाल रंगानं पाणी वंगाळ व्हतंय व्हय? डाळ बघा कशी शिजती!"
"वहिनी, हाडं चाललीत तुमची."
"मग काय लेकरांना कच्ची डाळ घालू?"

मी जार पाठवायचो. ते पाणी ती आल्या-गेल्यासाठी झाकून ठेवायची. स्वतः मात्र बोअरचंच. बोला आता!

शेवटी तिनं अंथरूण धरलं. पाय उचलेनात. छातीत कफ झाला, आणि गेली.

आज वर्षश्राद्धाला दादा घागर खांद्यावर घेऊन जुन्या विहिरीवर गेला. ते पाणी आम्ही आधीच तपासून घेतलंय. चांगलं निघालं.

सैपाक त्याच पाण्यात. सकाळपासून पातेल्याखाली जाळ, आणि पानं वाढायची वेळ आली तरी डाळ कचकच. पाहुणे गुमान चावत होते.

दादानं नातीच्या पानात डाळ वाढली आणि म्हणाला, "खा माय. आता आपल्यात अशीच डाळ."

पोरगी तोंड वाकडं करत खाऊ लागली.

मी सवयीनं चुलीकडं बघितलं. वाटलं, आता ती अख्खी वळंल आणि विचारंल, "कावून ओ भाऊजी, कुणी नासवली ही डाळ?"

चुलीपाशी सूनबाई होती. ती पदरानं डोळे पुसत होती.

वहिनी, डाळ खरंच लई बेकार झालती. पण नातीनं खाल्ली, सगळी खाल्ली.
एकदा येऊन आम्हाला रागवा की.

मी मागनं हाक मारतोय.
सावकाश वळा. मी थांबतो.

तुमच्या भाऊजीचा नमस्कार.