बसवराजच्या घरचा नळ

बसवराज गेल्याचा फोन आला तेव्हा मी येडशी स्टेशनवर बसलो होतो. गाडी आली, गेली... मी बाकावरच. त्याला दीड महिना झाला. थकवा काही उतरत नाही.

बेंबळीकडच्या आमच्या गावाच्या नळयोजनेसाठी आम्ही दोघांनी एक सॉफ्टवेअर लिहिलं. टाकीतलं पाणी, विजेचे तास, गल्लीगल्लीची गरज बघून कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे ते स्वतःच ठरवायचं आणि शिकत शिकत आपली पद्धत बदलायचं. पण बदल बरोबर आहे का, हे तपासायला गावाचं पाणी थोडंच थांबवता येतं? आधीच चार दिवसांआड पाळी. बसवराजनं आपल्या घरच्या नळाला वेगळा व्हॉल्व्ह बसवला. नवा बदल आधी तीन पाळ्या त्याच्याच घरी चालायचा. बाकी गाव जुन्या पद्धतीवर. मी वैतागायचो, "एवढं सोवळं कशाला?" तो म्हणायचा, "तहान लागायचीच तर आधी आपल्या घराला लागू दे की रे."

एका उन्हाळ्यात तो आईला घेऊन सोलापूरला गेला आणि मी शहाणपणा केला. बदल थेट गावावर सोडला. वरच्या गल्लीला थेंबभर पाणी चढलं नाही. बसवराज परतला, जुनी पद्धत चालू केली, आणि पुढची पाळी येईपर्यंत मला सोबत घेऊन म्हाताऱ्या माणसांच्या घरी घागरी वाहिल्या. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती लाज अजून जात नाही.

गेल्या आठवड्यात मी नवा बदल लावला, त्याच्याच पद्धतीनं. तो फसला. गावाला वेळेवर पाणी आलं. फक्त त्याच्या घरी नाही. धावत गेलो. म्हणालो, "वहिनी, हा व्हॉल्व्ह आता माझ्या घराला लावतो. तुम्ही एकट्या..."

"गावाला आलं न्हवं पाणी?"

"आलं."

"मग राहू द्या भावजी. ते होते तवा हे पिंप त्यासाठीच भरून ठिवायचे. म्या बी ठिवते."

मोरीजवळ निळं पिंप काठोकाठ भरलेलं होतं. त्यातलंच तांब्याभर पाणी त्यांनी माझ्यापुढं ठेवलं. ते पिताना मात्र मला रडू आवरलं नाही.