ढोलकीने खाल्लेला सुळा

न्यूझीलंडला शिकायला गेले आणि शिक्षण संपल्यावर ख्राइस्टचर्चच्या एका छोट्या डेंटल लॅबमध्ये लागले. डेंटिस्ट लोक रुग्णांच्या दातांचे साचे पाठवायचे, त्यावरून आम्ही कॅपा आणि कवळ्या बनवायचो. आम्ही तिघंच होतो. साठी ओलांडलेली मालकीण, कवळ्या करणारा एक धिप्पाड गडी आणि मी.

रोज एकाने आपल्या आवडीची गाणी लावायची, असा तिथला नियम होता. गड्याच्या दिवशी ड्रमचा असा दणदणाट असायचा की टेबलावरचे साचे हलायचे, पण माझा हात काही हलायचा नाही. मला त्याचा अभिमान होता.

गुरुवार माझा. पहिल्या गुरुवारी मी भीतभीत सतार लावली. वीस मिनिटं आलाप ऐकून गडी म्हणाला, "छान आहे. सुरू कधी होणार?"

पुढच्या गुरुवारी मी इरेला पेटून लावण्या लावल्या.

त्या दिवशी मी एका सुळ्याची कॅप घासत होते. घासायचं यंत्र हातात पेनासारखं धरायचं आणि त्याचा वेग पायाखालच्या पेडलने कमीजास्त करायचा. काम झक्क चाललं होतं. तासाभराने कॅप साच्यावर बसवून पाहिली. शेजारच्या दातांपुढे तो सुळा दुधाचा दात वाटत होता. मेल्याहून मेल्यासारखं होऊन मी तो मालकिणीकडे नेला.

"पेशंट किती वर्षांचा आहे?" तिने विचारलं.

"चोपन्न."

"मग हा त्याच्या नातवाला बसेल."

ती ओरडली नाही. डेंटिस्टला फोन करून तिने दोन दिवस मागून घेतले. मग एक टाकाऊ कॅप माझ्या हातात दिली. "तीच गाणी लाव आणि घास," म्हणाली, आणि टॉर्च घेऊन चक्क माझ्या टेबलाखाली शिरली.

ढोलकी सुरू झाली. मी श्वास रोखून घासू लागले.

"थांब!" खालून आवाज आला. "हात अगदी स्थिर आहेत तुझे. पाय मात्र नाचतोय."

माझा विश्वास बसेना. तिने फोनवर शूटिंग करून दाखवलं. कॅनव्हासच्या बुटातला माझा पाय पेडलवर चोख ठेका धरत होता. ढोलकीवर थाप पडली की यंत्र किंचाळायचं आणि सुळा आणखी झिजायचा. ज्या मुलीला शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाच जमत नाही म्हणून झाड केलं होतं, तिचा हा पाय! गड्याच्या ड्रमशी त्याची ओळखच नव्हती, म्हणून इतके दिवस तो गप्प बसला होता.

नवी कॅप करताना आम्ही आधी शांतता लावून पाहिली. तेव्हा कळलं की गडी दिवसभर कुरुमकुरुम कच्ची गाजरं खातो. शेवटी मालकिणीने रेडिओवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम लावला. एक आजोबा संथ आवाजात मेंढ्यांच्या खुरांबद्दल बोलत होते. ठेका धरावा असं त्यात काही नव्हतं. सुळा पहिल्या फटक्यात जमला, पेशंटला बसला, आणि मेंढ्यांची खुरं का सडतात तेही मला कायमचं कळलं.

लावणी मात्र लॅबमधून गेली नाही. पॉलिशचं चाक एकाच वेगाने फिरतं, तिथे पाय लागत नाही. त्यामुळे गुरुवारी दुपारी पॉलिशच्या वेळी ढोलकीला परवानगी मिळाली. पॉलिश गड्याकडे होतं. "स्वीट अ‍ॅज," म्हणजे तिकडच्या बोलीत 'एकदम झकास', असं म्हणत तो कवळी चाकावर धरायचा आणि एवढं थोरलं धूड कमरेतून डुलायला लागायचं.

एका गुरुवारी मी रजा घेऊन घरी पुरणपोळ्या करत होते. लॅबमधून फोन आला.

"ती तुझी ढोलकी कुठे सापडते?" गडी घाईत विचारत होता. "पाच कवळ्या खोळंबल्यात."

मी पिठाच्या हातांनी त्याला लिंक पाठवली. तो फोन ठेवायच्या आत मागून मालकिणीचा आवाज आला, "जरा मोठ्याने लाव रे!"