चार डोळ्यांचा पाहुणा

आमच्या आर्णीच्या घरी तो रोज संध्याकाळी यायचा, पोरीच्या कॉम्प्युटरवरच्या खेळात. परग्रहावरचा, बेडकाच्या रंगाचा, चार डोळ्यांचा. ते चार डोळे चार दिशांना फिरत असायचे. पोरगी चहाला उठली की हा तिच्या रिकाम्या खुर्चीकडं पाठ करून पहारा देत उभा. माझी एवढी काळजी या घरात कोणी केलेली नाही. म्हणून मीच त्याला विचारायचो, "जेवन झालं काय भाऊ?"

"बाबा, खेळातला आहे तो!"

"मंग? खेळातल्याले भूक नाही लागत?"

परवा शेवटची लढाई होती. पोरीच्या गटातल्या सगळ्यांना घेऊन यान सुटायचं, तर कोणीतरी मागं राहून बाहेरचं दार अडवून धरायला हवं होतं. कोणाला पाठवायचं ते पोरीनं ठरवायच्या आतच तो उठला आणि इंग्रजीत काहीतरी बोलला.

"काय म्हनून राह्यला?" पिठाच्या हातानं बायको आली.

"म्हनते, तुम्ही निघा, मी जातो," पोरीनं सांगितलं.

"जातो नाही म्हनत बाप्पा, येतो म्हन!" बायको स्क्रीनवर रागावली.

"आई, तो वापस नाही येनार."

दार लागत आलं. तेव्हा त्याचे चारही डोळे पहिल्यांदाच एका जागी थांबले, आमच्यावर.

आपल्याकडं पाहुणा निघाला की फाटकापर्यंत सोडायला जातात. मी कधी उठलो, कळलंच नाही. कॉम्प्युटरपुढं उभा होतो आणि पायांत चपला होत्या.