तिसऱ्या खणातली डिस्क

"धनेशभाई, हात मागे. सांगितल्याशिवाय काही ओढायचं नाही!"

डहाणूच्या स्टुडिओत शिरता शिरताच वर्षा ओरडली. फोटोग्राफर धनेशभाईंची बोटं चार डिस्कच्या काळ्या पेटीवर टेकलेलीच होती.

वर्षा तलासरीजवळच्या पाड्यातली. आयटीआय केल्यापासून आठ वर्षं ती स्कूटरवरून कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरते. अच्छाडच्या ढाब्यावरचं बिलाचं मशीन, चिखल्याच्या वाडीतले कॅमेरे, सगळं तिच्याकडे. तिची एक खोड आहे. जे करायचं ते आधी मोठ्यानं बोलते, गिऱ्हाइकाकडून वदवून घेते, मगच हात लावते. लोक हसतात. ती हसू देते.

"चारातली एक गेलीय. तिघी मिळून सगळं धरून आहेत. आता यातली एक चांगली बाहेर आली की संपलं. काय म्हटलं मी?"

"चांगली काढली की संपलं," धनेशभाई शाळेतल्यासारखे म्हणाले.

पेटीत बारा वर्षांची लग्नं होती. आणि बायजीची गाणी. बायजी पाड्यांवर गाणी गाऊन लग्नं लावणारी धवलेरी. आता तिला दम लागतो, ती गात नाही. ही गाणी दुसरीकडे कुठेच नव्हती.

म्हणून वर्षाने आधी बायजीची गाणी आपल्या छोट्या डिस्कवर उतरवून घेतली. त्यात दीड तास गेला. धनेशभाईंना दम निघेना.

"अगं, स्क्रीनवर तीन नंबर खराब दाखवतंय. हे बघ, या डिस्कवर तीन लिहिलंय!"

"खण मोजा. डावीकडून. हा कितवा?"

"पहिला... मग यावर तीन कसं?"

चहा घेऊन आलेल्या हिरकणीवहिनी दारातच थांबल्या. "दसऱ्याला मशीन बंद करून चारही काढल्या होत्या मी. पुसल्या, कुंकू लावलं, बसवल्या परत. कुठली कुठे, मला काय ठाऊक?"

"हिरकणी!"

"तुम्हीच म्हणालात, कॅमेऱ्याची पूजा झाली, आता हिचीही कर!"

"वहिनी, कुंकू नेमकं डिस्कखालच्या दिव्यांवरच लावलंत हो," वर्षा हसत म्हणाली. तिने कोरड्या फडक्याने ते पुसलं. तिसऱ्या खणात, एक नंबर लिहिलेल्या डिस्कखाली, नारिंगी दिवा जळत होता. तिने स्क्रीनवरून खराब डिस्कला खूण करायला सांगितलं. तोच दिवा लुकलुकला.

"खण तिसरा. दिवा तिसरा. बोला."

"तिसरा," नवराबायको एकदम म्हणाले.

वर्षाने पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली, खटका दाबला, डिस्क बोटभर ओढली आणि थांबली. "आतली चकती अजून फिरत असेल. अर्धं मिनिट."

मग डिस्क बाहेर आली. वर्षाने तिच्यावर कंपनीने छापलेला लांबलचक नंबर वाचला, धनेशभाईंनी स्क्रीनवरचा. जुळला. तेवढ्याच मापाची नवी डिस्क आत गेली आणि उरलेल्या तिघी तिला भरू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्षा आली तेव्हा भरणं पुरं झालं होतं. धनेशभाईंनी पेटीतून बायजीचं गाणं लावलं. मधेच गाणं थांबवून बायजी खेकसली, "ए फोटोवाल्या, उजेड डोळ्यात नको मारूस!"

वहिनी हसून हसून खाली बसल्या.

वर्षाने छोटी डिस्क पिशवीत टाकली. "ही तलासरीला राहील. सगळं एकाच जागी नको. आधी बायजीकडे नेते, ऐकवते."

"काय म्हणेल ती?"

"म्हणेल, आवाज बारीक आलाय," म्हणत वर्षाने स्कूटर सुरू केली.