मोतीरामचा कान

पंचवटीतल्या मोतीराम बॅटरीवाल्याची सगळी विद्या कानात होती. मीटर होता, पण दसऱ्याला हळदकुंकू लावण्यापुरता. ट्रॅक्टरची असो की इन्व्हर्टरची, बॅटरी चार्जिंगला लावायची, झाकणं उघडायची आणि कान द्यायचा. आतलं पाणी बुडबुडलं की साहेब जाहीर करणार, "भरली!" वीस वर्षं हेच चाललं होतं, आणि गिऱ्हाईकंही माना डोलवायची.

२००९ साली दसऱ्याच्या तोंडावर शेजारच्या वत्सलाबाईंच्या विजेच्या खुर्चीचा चार्जर जळाला. अर्धांगवायूनंतर दोन वर्षं बाईंना कुणी उचलून नेईल तेव्हाच आपल्या फुलांच्या दुकानावर जाता यायचं. मग मुलाने, हर्षलने, ही खुर्ची आणली आणि त्या आपल्या आपण जाऊ लागल्या. खुर्चीत लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी होती. हर्षलने बजावलं, "मोतीकाका, हिला हिचाच चार्जर लागतो. पुण्याहून चार दिवसांत येतोय. तोवर हात लावू नका."

हात लावू नका? मोतीरामला? परवावर दसरा, झेंडूचा ऐन बाजार, आणि हे कालचं पोरगं अक्कल शिकवणार! हर्षल कामावर गेला आणि स्वारीने बॅटरी उचलली. "आक्का, दसऱ्याला तुम्ही दुकानावर. माझा शब्द!"

दुकानात आपल्या नेहमीच्या जुन्या चार्जरला ती जोडली. कान लावला. आवाज नाही. कुठून येणार? आत पाणीच नव्हतं. तासाभराने चार्जिंग आपोआप थांबलं. भरली म्हणून थांबलं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मोतीराम पडले अनुभवी. "बुडबुडली नाही म्हणजे भरली नाही. आत काहीतरी अडतंय!"

डबा खोलला. आत एक हिरवी पट्टी होती, बॅटरी प्रमाणाबाहेर भरू नये म्हणून बसवलेली. मोतीरामला ती फालतू वाटली. पट्टी बाजूला काढून त्याने वायर थेट सेलना जोडली आणि तो निवांत चहाला गेला.

परत येतो तर सेल पुरीसारखे टम्म फुगलेले, बोट लावलं तर चटका. पेटली नाही हेच नशीब. प्लग उपटला, पण बॅटरी कामातून गेली होती. तशी दुसरी मिळायला दोन महिने तरी लागणार होते.

मोतीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच तो वत्सलाबाईंकडे गेला. "चुकलो, आक्का. नवी येईपर्यंत रोज मी ढकलत नेईन. दसऱ्यालासुद्धा."

बाई झेंडूचं तोरण ओवत होत्या. त्यांचे डोळे भरून आले.

"नेशील रे, मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पण मला आता कुणाची वाट बघायची नव्हती."