खेडेकरची सकाळची हजेरी

खेडेकर रविवारी गेला आणि आम्हाला कळलं मंगळवारी. पडवीत दोन दिवसांचे पेपर तसेच पडलेले पाहून शेजाऱ्यांनी कडी वाजवली... तोवर सगळं आटोपलं होतं. बायको आधीच गेलेली, मुलगी परदेशात. रत्नागिरीत कुणाच्या घरी आज कोणता मासा आलाय हेही लपत नाही, तिथे माणूस दोन दिवस असा पडून राहतो याची मला लाज वाटते. इतरांपेक्षा मला जास्त वाटते, आणि त्याला कारण आहे.

अठ्ठ्याण्णव साली आमच्या सहकारी बँकेच्या सात शाखांत सर्व्हर बसले. मुख्य कार्यालयातल्या संगणक विभागात आम्ही दोघंच, हुद्द्याने मी, पाटणकर, साहेब आणि अकलेने तो. सर्व्हरची डिस्क गच्च भरली की काउंटरवरचं काम ठप्प व्हायचं. एकदा चिपळूणला ऐन गर्दीच्या दिवशी तसं झालं आणि तिथल्या अधिकारी सुर्वेबाईंना लोकांनी नको नको ते ऐकवलं. तेव्हापासून खेडेकर रोज साडेनऊला एकेका शाखेला फोन करून डिस्कवर किती जागा उरली ते विचारू लागला. जागेचं एका वाक्यात उरकायचं, पुढची पाच मिनिटं निराळीच. "काय वो सुर्वेबाय, आईचा गुडघा काय म्हनतो?" मग दापोलीच्या काझींना मासळीचं, "म्हावरं काय आलंय हर्णैला?" बायको गेल्यावर हे फोन लांबतच गेले.

पुढे शाखा लाइनने जोडल्या गेल्या तेव्हा त्यानेच एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचनांची यादी. ती सकाळी आपोआप सातही सर्व्हरवर फिरून यायची आणि कुठे किती जागा उरली ते त्याच्या पडद्यावर मांडायची. एखादा सर्व्हर गप्प राहिला तरी तत्काळ कळायचं. काम झकास होतं. पेढे मीच आणले.

पण फोन काही थांबेनात. "मशीन सांगतंय, तरी एकदा डोळ्यांनी बघा," असं निमित्त काढायचा. एका शाखेतून तक्रार आली, सकाळच्या गडबडीत खेडेकरांचे फोन येतात. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "अरे, मशीन करतंय त्यासाठी माणसांना कशाला छळतोस?"

"बरं," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं काम दोन मिनिटांत संपू लागलं. मग तो खिडकीबाहेर बघत बसायचा. मला ते दिसत होतं, आणि मी मनाशी म्हणायचो, चला, शिस्त लागली. काही काळाने त्याने मुदतीआधीच निवृत्ती घेतली. त्यानंतर मी त्याच्याकडे दोनदा गेलो असेन... दहा मिनिटांच्या अंतरावर राहून.

खेडेकर गेल्यानंतर, मागच्या आठवड्यात, जुना सर्व्हर मोडीत काढायचा म्हणून ती स्क्रिप्ट उघडली. अशा यादीत काही ओळींच्या आधी एक खूण करतात. त्या ओळी म्हणजे माणसांनी वाचायच्या टिपा, मशीन त्या सोडून पुढे जातं. खेडेकरने प्रत्येक शाखेच्या नावापुढे अशा टिपा केल्या होत्या, इंग्रजी अक्षरांत मराठी. दापोली, काझींचा मुलगा मस्कतला पोचला का, विचारणे. राजापूर, शिपाई रजेवर का, विचारणे. फोन बंद झाल्यावरही तो लिहीतच राहिला होता, कारण चिपळूणपुढे होतं, "बाईंची आई गेली. फोन करू नये, गडबडीची वेळ."

माझा शब्द त्याने असा पाळला होता. मला पुढचं वाचवेना, पण वाचलं.

सर्वांत खाली मुख्य कार्यालय. तिथे एकच टीप होती. "पाटणकर हल्ली बोलत नाही. काही दुखतंय का त्याचं, विचारणे."

त्याच्या निवृत्तीपर्यंत मशीन रोज सकाळी ती ओळ सोडून पुढे जात होतं. मी शेजारच्याच टेबलावर बसलेलो असायचो.